मास्तरांचं माप

कालव्याच्या कडेची फरसबंदी संपून मातीची पायवाट सुरू होते, तिथे मास्तर पुन्हा थांबले. खिशातून छोटी बाटली काढली, घोटभर पाणी तोंडात घेतलं, या गालातून त्या गालात फिरवलं आणि सावकाश गिळलं. मला आता याची इतकी सवय झालीय, की त्यांचा हात खिशाकडे गेला की माझे पाय आपोआप थांबतात. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतल्यापासून त्यांच्या तोंडात लाळ म्हणून टिकत नाही. बोलायचं तर घोट, चालायचं तर घोट, नुसतं ऐकून घ्यायचं तरी घोट.

"सावकाश," मी म्हटलं. "पूल कुठे पळून चाललाय?"

"पूल नाही पळत. पण उशीर झाला की तुझी ताई उकडलेलं अंडं घेऊन दारात उभी असते. आणि बघते अशी, की जणू अंडं घालायला मीच उशीर केलाय."

बाटली आत ठेवता ठेवता त्यांनी अंगठ्याने पॅन्टची कंबर वर ओढली. घरातून निघाल्यापासून हे चाललं होतं. मी पाहिलं आणि बोलले नाही. आमच्या घरात मास्तरांची पॅन्ट सैल होणं ही साधी गोष्ट नाही, आणि ती का नाही हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपडे शिवणारे. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. दुकानात मी त्यांना मास्तर म्हणते, घरात भाऊजी, आणि रस्त्यात जे आधी तोंडाला येईल ते. ते मला सगळीकडे 'धाकटे' म्हणूनच हाक मारतात. काज, बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे. माप, कापणं आणि मशीन त्यांच्याकडे. दुकान एवढंसं आहे. पुढे काच, मग कापायचं टेबल, दोन मशीनं, कोपऱ्यात पडदा आणि पडद्याआड उभा आरसा. मागच्या दाराने बाहेर पडलं की एक अरुंद बोळ, आणि त्या बोळात मास्तर आणि शेजारचे घड्याळवाले उभे राहून सिगरेटी ओढायचे. किती वर्षं, ते त्या भिंतीचा रंग बघूनच कळायचं.

मास्तरांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याचे खांदे बघतात, चेहरा नंतर. कुणाच्या घरी लग्नकार्याला गेलो तर परत येताना नवरा-नवरी कशी होती हे त्यांना सांगता येत नाही, पण नवऱ्याच्या काकाची डावी बाही आखूड होती हे मात्र नक्की. स्वतःचे कपडे तर असे, की एक झोळ दिसायचा नाही. "शिंप्याच्या अंगावर झोळ दिसला की गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं," असं ते म्हणायचे. जेवण जरा जास्त झालं तर कंबर सोडायची, उन्हाळ्यात वाळले तर आत घ्यायची. इतर लोक जसे केस कापून घेतात तसं हे त्यांचं चालायचं. शिवणीत मायाही भरपूर सोडलेली असायची, म्हणजे आतल्या बाजूला जास्तीचं कापड, पुढेमागे सोडायला उपयोगी पडेल असं.

मग त्यांचा आवाज बसला. कापडाची धूळ म्हणून महिनाभर अंगावर काढला. ताईने शेवटी ओढून दवाखान्यात नेलं, आणि तिथून मोठ्या दवाखान्यात. सिगरेट त्या दिवशीच सुटली. बोळातले घड्याळवाले एकटे पडले आणि थोड्या दिवसांनी त्यांचीही सुटली. सोबत नसली की त्यात मजा नाही म्हणतात.

उपचार ठरले. आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, आणि सुट्टीचे वार सोडून रोज रेडिएशन. ताईच्या गुडघ्यांना तिथले जिने झेपत नव्हते, म्हणून मी सोबत जायचे. पहिल्या खेपेला त्यांचा मुखवटा केला. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यांवर दाबून बसवतात. ती निवली की तसाच्या तसा साचा तयार. रोज तोच मुखवटा घालून टेबलाला अडकवतात, म्हणजे माणूस तसूभर हलत नाही आणि किरण जिथे पडायचे तिथेच पडतात. लोक त्याला घाबरतात. आमचे मास्तर बाहेर आले ते खूश. "धाकटे, काय फिटिंग आहे," म्हणाले. "हनुवटीखाली बघ, एक सुरकुती नाही. आणि टेप लावला नाही कुणी."

त्याच दिवशी आहाराच्या बाईंनी आम्हाला बसवून घेतलं. तरुण बाई, पण समजावून सांगण्याची हातोटी होती. पुढे गिळताना दुखेल, तोंड येईल, चव जाईल, तरी खायचं, असं त्यांनी सांगितलं. थोडं थोडं, पण दिवसभर. दूध, अंडी, मऊ भात, लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा, केळं, दाट सूप, जे उतरेल ते. तिखट, आंबट, कडक आणि फार गरम नको. वजन मात्र घसरू द्यायचं नाही. घसरलंच, तर नाकातून पोटात नळी घालू आणि तिच्यातून अन्न देऊ, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि त्यातली नळी तेवढी लक्षात ठेवली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग घसा आतून सोलल्यासारखा झाला. पाणी पितानाही ते डोळे मिटून घ्यायचे. प्रत्येक घास टिनाच्या डब्याचं झाकण चाटल्यासारखा लागतो म्हणायचे. सुईत दोरा ओवताना दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची त्यांची जन्माची सवय, पण ओठांत ओल नव्हती. मी वाटीत ओला स्पंज ठेवून दिला. त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू मी घरात सवत आणून बसवलीय.

अशात एक वकील कोटाच्या ट्रायलला आले. माणूस भला, मास्तरांचं दुखणं ऐकून खरोखर कळवळला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की गोड, दूध आणि अंडी यांवर गाठ पोसते. ते तोडायचं, पोट रिकामं ठेवायचं, की गाठ आपोआप उपाशी मरते. आरशासमोर हात पसरून उभ्या उभ्या त्यांनी हे सगळं सांगितलं. मास्तर त्यांच्या बाहीला टाचण्या लावत होते आणि मान हलवत होते.

आता मागे वळून बघताना वाटतं, की घास गिळताना इतकं दुखत नसतं तर मास्तरांनी त्या बोलण्यावर विश्वास ठेवला नसता. पण खाणं नको झालेल्या माणसाला कुणी येऊन सांगितलं, की न खाणं हाच उपाय आहे, तर तो दुसरं काय ऐकणार?

ताई रोज दुपारचा डबा आणि दुधाची बाटली दुकानात द्यायची. मास्तर ते घेऊन मागच्या दाराने बोळात जायचे. उभ्याने खाल्लं तर लवकर उतरतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मला ते पटलं. गिळणाऱ्यालाच माहीत, कसं उतरतं ते. थोड्या दिवसांनी घड्याळवाले आपली पॅन्ट घेऊन माझ्याकडे आले. कंबर सोडून द्या म्हणाले, बटण लागत नाही. मी सोडून दिली. सिगरेट सुटली की माणसं भरतात, हे मी ऐकून होते, म्हणून थट्टाही केली. पुढच्या पंधरवड्यात दुसरी पॅन्ट आली.

इकडे मास्तरांचे कपडे मात्र त्यांच्या अंगावर पूर्वीसारखे बसत होते. शर्टाला झोळ नाही, पॅन्ट कमरेला बरोब्बर. चेहरा ओढलेला दिसायचा, पण तो तर दिसणारच असं आम्ही धरून चाललो. ताई रोज सकाळी ते बाहेर पडताना त्यांच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघायची आणि आत जायची. वजनाच्या दिवशी ते मोठा कोट घालून जायचे. तिथल्या खोल्या गार असतात, त्यामुळे कोट काढा असं कुणी म्हणालं नाही. काट्यावरचा आकडा हळूहळू उतरत होता, पण काळजी करण्याइतका नाही.

मग एका सकाळी मी बाहेर बाकावर बसले होते, आणि मशीन चालवणारी मुलगी मला शोधत आली. म्हणाली, आजचं रेडिएशन देता येणार नाही. मुखवटा सैल झालाय. गालाजवळ बोट जातंय आणि आत मान हलतेय. असं केलं तर किरण भलतीकडे पडतील. नव्याने स्कॅन काढून नवा मुखवटा करायला लागेल, आणि तोवर उपचार बंद. डॉक्टरांनी मास्तरांना कोट काढून काट्यावर उभं केलं. कोटाच्या खिशांतून कापायची मोठी कात्री निघाली, आणि कापड दाबून ठेवायची लोखंडी वजनं. डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की या उपचारात खंड पडणं चांगलं नाही, पडलेला दिवस मागून भरून काढायला अवघड जातं. मास्तरांचा आवाज तोवर पुरता गेला होता. ते कात्रीकडे बघत बसले.

कपडे त्यांना आत घेता येत होते, मुखवट्याला शिवण नव्हती.

दुकानात परत आलो तर ताई तिथेच होती. मी तिला फोनवर सांगितलं होतं. तिने घरून मास्तरांची इस्त्री केलेली पॅन्ट आणली होती आणि कापायच्या टेबलावर उलटी करून पसरली होती. मागच्या शिवणीत एकाशेजारी एक अशा तीन टिपा होत्या. पहिली आपल्या नेहमीच्या जागी, दुसरी तिच्या आत, तिसरी आणखी आत. तिन्ही अगदी सरळ, टाक्याला टाका सारखा. इतकं सुरेख काम, की मला त्याचा राग यायला वेळ लागला.

घड्याळवाल्यांना कुणीतरी सांगितलं असावं. ते मागच्या दारात येऊन उभे राहिले. मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, की दवाखान्यातून वेगळं खाणं मिळतं, घरचा डबा वाया जातो, तो तुम्ही खा. ते नुसते मान खाली घालून उभे होते, आणि मीच सोडून दिलेली पॅन्ट त्यांच्या अंगावर होती.

ताई ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही.

"मला वजन कळत नाही, रिपोर्ट कळत नाही," ती म्हणाली. "तुमचा शर्ट अंगावर नीट बसतोय ना, एवढंच मी रोज बघत होते. त्याच्या जिवावर मला घास जात होता."

मास्तरांनी टेबलावरचा निळा खडू उचलला. बोलता येत नव्हतं म्हणून आठवडाभर ते टेबलावर खडूनेच लिहून दाखवायचे, काम झालं की बाहीने पुसायचे. लिहिलं, "नळी घाला." मग थोडं थांबून खाली आणखी लिहिलं, "उद्याच."

ते अक्षर मी त्या दिवशी पुसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळी घातली. जिची एवढी धास्ती घेतली होती, ती घालायला केस कापायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. आहाराच्या बाईंनी पुन्हा बसवून घेतलं, या वेळी ताईलाही. साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही, त्यांनी सांगितलं. अन्न मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि मग उपचार सोसायला माणूसच उरत नाही. कुणी काही नवं सांगितलं तर आधी मला येऊन विचारा, वेड्यासारखं वाटलं तरी विचारा, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. वकिलांना हलवली होती त्यापेक्षा हळू.

ताई दिवसभर ठरलेल्या वेळांना नळीतून पातळ अन्न द्यायची. मास्तर खडूने लिहायचे, "मशीनला तेल." रोज तोंडाने चार चमचे पाणी किंवा पातळ सूप गिळायचंच, असा हुकूम होता, नाहीतर घसा गिळणं विसरतो. ते चार चमचे ते असे प्यायचे, की जणू समोर बसून कुणी परीक्षा घेतंय. नव्या मुखवट्यात उरलेला उपचार पुरा झाला. मी त्या दिवसांत देवाचं नाव घेत होते, रोज घेते तसंच. हे कर म्हणजे मी ते सोडीन, असले सौदे मला करता येत नाहीत. मास्तर बरे झाल्यावर मी म्हटलं, देवाने ऐकलं. ते म्हणाले, आधी मशीनने ऐकलं, मग देवाने. मी वाद घातला नाही. त्या मशीनवर ती मुलगी वेळेवर आली आणि तिला गालाजवळची फट दिसली, हे कुणाचं काम ते मला ठाऊक आहे.

नळी निघाली. मग सुरू झालं ते खरं कंटाळवाणं काम. त्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही. प्रत्येक घासाबरोबर पाणी. कोरडं काही नाही, सगळं ओलं, मऊ, कुस्करलेलं. तोंड मोठं उघडायचा व्यायाम, मानेचा व्यायाम, दातांना रोज वेगळी पेस्ट, कारण लाळ नसली की दात लवकर किडतात. दारू नाही, सिगरेट नाही. आणि चालणं. थकवा येतो म्हणून झोपून राहिलं तर थकवा वाढतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी ते दुकानाच्या पायरीपासून घड्याळवाल्यांच्या पायरीपर्यंत चालले आणि तिथल्या स्टुलावर बसले. घड्याळवाल्यांनी एक केळं सोलून पुढे धरलं. तेव्हापासून त्यांच्या दुकानात घड्याळांच्या शेजारी केळी लटकलेली असतात. आलेल्या गिऱ्हाइकाला वाटतं, विकायला आहेत.

चव एकदम आली नाही. आधी खारट आलं. गोड फार उशिरा. एकदा चहा पिता पिता मास्तर थांबले आणि यात साखर जास्त झालीय म्हणून तक्रार केली. ताई आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली ती पुन्हा तेवढीच साखर घालून.

वजन भरू लागलं तशी मास्तरांनी सगळ्यात आतली टीप उसवली. उसवलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करून त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवले. काही महिन्यांनी दुसरीही उसवली आणि तसंच केलं. ताई म्हणाली, कचरा माझ्या हातात कशाला, आणि मूठ मिटून घेतली. आता ते पुन्हा पहिल्या टिपेवर आले होते, म्हणजे आजारापूर्वीच्या मापावर. ती गेल्या उन्हाळ्याची गोष्ट.

त्यानंतर आमचं हे पुलापर्यंतचं चालणं रोजचं झालं. ताईच्या गुडघ्यांना एवढं जमत नाही, म्हणून सोबत मी.

त्या दिवशी पुलाशी पोहोचलो. पुलाच्या तोंडाशी बसायला दगडी कठडा आहे, तिथे आम्ही नेहमी टेकतो. मास्तर टेकले नाहीत. उभेच राहिले आणि पुन्हा कंबर वर ओढली. मग मला म्हणाले, बघतेयस तर विचारत का नाहीस?

मी विचारलं.

गेले काही दिवस मागची एक दाढ ठणकत होती. एका बाजूने चावायचं, म्हणून घास कमी जात होते. ताईला सांगितलं नव्हतं, कारण तपासणी जवळ आलीय आणि ती आधीच धास्तावलेली आहे. दाढच असेल. बहुतेक दाढच. हे सगळं ते पाण्याकडे बघत बोलले, मध्ये मध्ये घोट घेत.

"काल सकाळी पॅन्ट सैल लागली," ते म्हणाले. "तू दुकानात यायच्या आधी मी ती उलटी करून मशीनवर घेतली होती. सुईखाली कापड गेलं, पाय पायडलवर गेला. विचार काहीच केला नव्हता गं. हाताने आपलं आपणच."

"मग?"

"मग उठलो. तशीच घातली."

मी म्हटलं, तुम्ही स्वतःच माप घेऊन बघा ना, उगाच कशाला घाबरायचं. ते हसले. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही, म्हणाले. टेप बघायला खाली वाकलं की माप बदलतं, आणि सरळ उभं राहिलं तर आकडा दिसत नाही. एवढी वर्षं दुकानात काढून तुला हेही माहीत नाही, असा वर टोमणा मारला. खरं तर मला माहीत होतं.

त्यांनी कोटाच्या खिशातून टेप काढला. त्यांचा नेहमीचा, पिवळा, टोकाची पितळी पट्टी झिजून गुळगुळीत झालेला. तो आजवर त्यांनी कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. माझ्यासाठी दुकानात वेगळा आहे. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, कोट बाजूला केला आणि गिऱ्हाईक उभं राहतं तसे हात थोडे दूर धरून, समोर बघत उभे राहिले.

"माझ्या कपड्यांना यापुढे मी सुई लावणार नाही," ते म्हणाले. "माप तू घेत जा, दर महिन्याला. आणि जे भरेल ते आधी तुझ्या ताईला सांग, धाकटे. मला नंतर सांगितलंस तरी चालेल."